घरच्या पडवीतली होडी आणि विजेची हत्यारं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सांगलीच्या माणसाला होडी वर्षातून दोनदाच आठवते, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. एकदा कृष्णेत होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कृष्णाच गावात येते तेव्हा. पूर आला की होडी नसलेल्या गावात गुऱ्हाळावरची गूळ आटवायची काहील बाहेर निघते आणि तिच्यात बसून माणसं पलीकडे जातात. साताऱ्याकडं वर गेलात, तर बामणोली आणि तापोळ्याला हीच होडी रोजच्या जगण्याचा भाग आहे. कोयना धरण झालं, शिवसागर भरला, आणि जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. तिथल्या माणसांना बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला जायचं तर लाँच किंवा होडी लागते.

असं असूनही आपल्या दोन्ही जिल्ह्यांत "होडी घरी करता येते" असं म्हटलं, की ऐकणारा हसतो. होडी म्हणजे कोकणातल्या कारागिरांचं काम, आपण देशावरची माणसं, आपलं काम औताचं आणि बैलगाडीचं, अशी आपली समजूत. आज मला बोलायचं आहे ते या समजुतीबद्दल, आणि ज्या विजेच्या हत्यारांमुळं ती थोडी सैल झाली त्या हत्यारांबद्दल.

माझी नोकरी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली. एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. निवृत्त झाल्यावर सांगलीला घरी आलो. घराला मागं पडवी आहे, चौदा फूट बाय नऊ फूट. तिथं एक जुनं टेबल, भिंतीला शिकंजे आणि चार-पाच यंत्रं, एवढाच माझा कारखाना. स्टूल, देव्हारा, नातवाचं अभ्यासाचं टेबल असं करत करत दोन वर्षांपूर्वी पावणेआठ फुटांची एक होडी त्या पडवीत तयार झाली. ती वल्ह्यावर चालते आणि तिच्यात दोन माणसं बसतात.

आपला हा मुलूख हत्यारांना परका नाही, हे आधी सांगायला हवं. १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी कुंडलच्या माळावर जागा दिली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. ती किर्लोस्करवाडी. साताऱ्यात कूपरचा कारखाना झाला. पुढं सांगलीच्या जवळच, शिरोळला, कुलकर्णी पॉवर टूल्सचा कारखाना निघाला आणि ड्रिल, ग्राइंडर अशी हातात धरायची विजेची यंत्रं तिथं तयार होऊ लागली. आज ते नाव केपीटी झालं आहे. म्हणजे जे यंत्र आपण परदेशी समजून बिचकतो, ते आपल्या शेजारच्याच तालुक्यात बनतं.

आता होडी घरी कशी होते ते सांगतो. जुन्या पद्धतीत आधी सांगाडा उभा करायचा, मग त्यावर फळ्या वाकवून बसवायच्या आणि फटी बुजवायच्या. त्याला जाड लाकूड लागतं, फळ्या वाकवायची कला लागते आणि बरीच वर्षं हाताखाली काम केलेला कारागीर लागतो. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये दुसरी एक रीत लोकप्रिय झाली. पातळ प्लायवूडचे आकार कापायचे, कडांना बारीक भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं कडा एकमेकींना शिवायच्या. सगळं शिवून झालं की सपाट तुकड्यांना आपोआप होडीचा बाक येतो. मग आतल्या सांध्यांवर रेझिन आणि लाकडाचा भुसा यांचा लगदा भरायचा, वरून काचेच्या कापडाची पट्टी चिकटवायची. या रीतीनं बनलेली 'मिरर' नावाची होडी एका इंग्रजी वर्तमानपत्रानं लोकांपुढं आणली आणि हजारो लोकांनी ती आपापल्या घरी बांधली. तिच्या दोन आराखडाकारांपैकी बॅरी बकनेल हे दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकवणारे गृहस्थ होते.

शिवलेली होडी आपल्याला नवी नाही. फळ्या काथ्यानं शिवून जहाजं बांधायची पद्धत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फार जुनी. गोव्यात तशाच रीतीनं बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. गोव्यातच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत 'म्हादेई' ही शिडाची नौका तयार झाली होती. तिच्या अंगाला लाकडाच्या पट्ट्या आणि वर इपॉक्सी व काचेचं कापड आहे. २००९-१० साली कमांडर दिलीप दोंदे त्याच नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तेव्हा लाकूड, रेझिन आणि काचेचं कापड या तीन वस्तूंवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. आपली होडी ही या थोरल्या बहिणींची अगदी धाकटी बहीण.

तर हत्यारं. पहिलं ड्रिल. हातात धरायचं विजेचं ड्रिल १८९५ साली जर्मनीत फाइन कंपनीनं केलं. पण ते दोन हातांनी छातीशी धरून चालवायचं धूड होतं. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघांनी त्याला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा घोडा दिला. १९१७ साली त्याचं पेटंट मिळालं. आज आपण जे ड्रिल उचलतो त्याचा आकार तोच. आमच्या होडीला दोन मिलिमीटरची शंभरावर भोकं पाडायची होती. गिरमिटानं ती पडली असती, पण प्लायवूडच्या कडेला गिरमिट दाबलं की थर उकलतात. ड्रिलनं एका सकाळी काम झालं. घेताना वेग कमीजास्त करता येणारं आणि उलटं फिरणारं घ्या. बारीक भोकाला वेग जास्त, मोठ्या भोकाला आणि स्क्रू पिळायला वेग कमी. आणि भोक पाडताना पाठीमागं एक रद्दी फळी धरा, म्हणजे टोक बाहेर पडताना लाकडाचा सालपा निघत नाही. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या, तरी नवख्याचं काम जुन्यासारखं दिसतं.

बॅटरीवर चालणारं ड्रिल १९६१पासून आहे, पण लिथियमच्या बॅटऱ्या आल्यावर ते खरं उपयोगी झालं. नदीकाठी, ओल्या अंगणात, वायर ओढण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. वीज गेली तरी हातातलं काम अडत नाही, हा आपल्याकडचा आणखी एक फायदा.

दुसरं माझं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे जिगसॉ. याची जन्मकथा घरगुती आहे. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट काउफमान नावाच्या इंजिनिअरनं बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढली आणि तिथं करवतीचं पातं बसवलं. सुई जशी खालीवर होते तसं पातं खालीवर झालं आणि लाकूड वळणदार कापलं गेलं. आमच्या घरी ही गोष्ट सांगितल्यावर सौभाग्यवतींनी पहिल्यांदा आपलं शिवणयंत्र आतल्या खोलीत नेऊन ठेवलं!

होडीत सरळ रेषा जवळजवळ नसतेच, म्हणून जिगसॉ हवा. पण त्याआधी रेघ नीट यायला हवी. आराखड्यातल्या मापांवर प्लायवूडला बारीक खिळे ठोकायचे, त्यांना टेकवून एक लवचीक लाकडी पट्टी वाकवायची आणि पट्टीच्या कडेनं पेन्सिल ओढायची. मग एका टोकाला डोळा लावून बघायचं. कुठं फुगवटा किंवा खळगा असेल, तर मोजपट्टीच्या आधी डोळ्याला कळतं. रेघ पक्की झाली की तिच्या बाहेरून दोन मिलिमीटर सोडून कापायचं. उरलेलं रंध्यानं काढायचं. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, म्हणून सालपे वरच्या बाजूला निघतात. चांगली बाजू खाली ठेवा. पातं बारीक दातांचं घ्या आणि यंत्राला ढकलू नका, ते आपल्या चालीनं जाऊ द्या.

तिसरी गोल करवत, म्हणजे सर्क्युलर सॉ. ही ऐकून आपल्याकडच्या ऊसवाल्यांना मौज वाटेल. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या लुइझियानात एडमंड मिशेल या माणसानं ऊस तोडणारे मजूर कोयता चालवताना पाहिले आणि विजेवर चालणारा कोयता करता येईल का याचा तो विचार करू लागला. त्या खटपटीतून १९२४ साली हातात धरायची गोल करवत निघाली. ऊस बाजूला राहिला आणि सुतारांचं काम झालं. लांब सरळ कापाला हिच्यासारखी दुसरी सोय नाही. पातं प्लायवूडच्या खाली तीन ते सहा मिलिमीटर डोकावेल एवढंच ठेवायचं. खोल पातं जास्त कापत नाही, ते जास्त अडकतं. आणि अडकलं की यंत्र मागं उसळतं.

चौथा सँडर. गोल गोल फिरणारा आणि त्याच वेळी थोडा डळमळणारा, म्हणजे रँडम ऑर्बिट जातीचा घ्या. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, मग १८०. रेझिन वाळल्यावर त्यावर कधी मेणासारखा चिकट थर येतो. तो आधी पाण्यानं आणि जाड फडक्यानं धुवून काढायचा, मगच सँडर लावायचा. नाहीतर कागद तुंबतो. सँडरच्या पिशवीतला बारीक भुसा टाकू नका. रेझिनमध्ये कालवून सांधे भरायला तोच उपयोगी पडतो.

पाचवा विजेचा रंधा आणि सहावा राउटर. ही दोन्ही नसली तरी चालतात. राउटरचा एक उपयोग मात्र सांगतो. काचेचं कापड धारदार कडेवर बसत नाही, तिथं ते उचललं जातं आणि आत हवा राहते. म्हणून कडा गोल कराव्या लागतात. राउटर हे काम पाच मिनिटांत आणि सगळीकडं सारखं करतो. विजेच्या रंध्यानं लाकूड फार भराभर उतरतं. शेवटचा हात मी लाकडी रंध्याचाच मारतो.

आता खर्चाचं. यंत्र सहाशे वॉटचं असेल आणि सगळं मिळून दहा तास चाललं, तर सहा युनिट वीज लागते. वीज फार लागत नाही. पैसा लागतो तो प्लायवूडला आणि रेझिनला. दोन तक्ते लागतात, आठ बाय चारचे, सहा मिलिमीटर जाडीचे. त्यांच्यावर मरीन दर्जाचा आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या. रेझिनच्या बाबतीत आपल्या हवेला मान द्यावा लागतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये कालवलेलं रेझिन खोलगट डब्यात ठेवलं, तर स्वतःच्याच उष्णतेनं तापून बघता बघता दगड होतं. ते पसरट थाळीत काढावं आणि थोडं थोडं कालवावं. पावसाळ्यात हवेतला ओलावा त्रास देतो. दिवाळी ते होळी हा काळ होडी बांधायला उत्तम.

श्रोतेहो, इथवर सगळं हौसेचं झालं. आता जरा कठीण विषयाकडे येतो.

आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. साठीचे, हाडाचे सुतार. वडिलांच्या हाताखाली वाकस आणि पटाशीवर शिकलेले. पडवीत प्लायवूडचं ते शिवणकाम पाहून म्हणाले, "काका, ह्यो खोका पाण्यात घालायचा व्हय? वल्हं नको, आधी पोहायला शिका." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून रंधा काढून घेतला. होडीच्या काठाच्या पट्ट्यांना जो उतार लागतो तो त्यांनी कोन न मोजता काढला.

मिस्त्रींच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पुढचं पेर नाही. ते गेलं चार इंची कटरवर. आपल्याकडं लाकूड कापायला फरशी कापायचा कटर सर्रास वापरतात, कारण तो स्वस्त असतो आणि हलका असतो. पण त्याला खालून पातं झाकणारं, आपोआप मिटणारं झाकण नसतं. त्यात थोडं मोठं पातं बसावं म्हणून वरचंही झाकण काढून टाकतात. काही जण तर ग्राइंडरलाच लाकडाचं दातेरी पातं लावतात. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. तो लोखंड घासायला बनवलेला आहे. त्याला दातेरी पातं लावलं आणि ते गाठीत अडकलं, तर हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. हे मी कारखान्यातली तीस वर्षं पाहिल्यावर सांगतो आहे.

मिस्त्रींचा मुलगाही याच धंद्यात आहे. फर्निचरची कामं घेतो, हात भराभर चालतो, आणि त्याच्या कटरलाही झाकण नव्हतं. मिस्त्री त्याला काही बोलत नसत. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, तुम्ही का सांगत नाही?" ते म्हणाले, "काय सांगू? माझ्याच कटरला कधी न्हवतं. त्यानं बोट दाखवलं तर?" मी गप्प बसलो. ज्याचं बोट गेलं तोच सांगायला लाजतो, आणि म्हणून पुढच्या पिढीला ते सांगितलं जात नाही. हे फक्त सुतारकामात होतं असंही नाही.

होडीच्या कामात एक दिवस मुलगा मदतीला आला आणि येताना आपला कटर घेऊन आला. माझी गोल करवत टेबलावर होती. मिस्त्रींनी ती उचलली, बंदच ठेवून तिचं खालचं झाकण बोटानं उघडलं, सोडलं, ते खटकन मिटलं. असं तीन-चारदा केलं. मग ते मुलाला एवढंच म्हणाले, "हे आमच्या वक्ताला असतं, तर बरं झालं असतं बघ." मुलानं त्या दिवशी आपला कटर पिशवीतून काढला नाही. आता तो कामाला गोल करवत नेतो. रोजची कापणी थोडी कमी होते म्हणतो, पण नेतो.

म्हणून हात जोडून काही गोष्टी सांगतो. पातं बदलताना पिन आधी काढायची. काम शिकंज्यात आवळायचं, मांडीवर किंवा पायाखाली धरायचं नाही. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, मफलर, ओढणी, सैल बाही नको. जाड वायरची तीन पिनांची जोडणी आणि घरात तीस मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असू द्या. ज्या यंत्राला दोनच पिना असतात, त्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते; म्हणजे त्याला दुहेरी आवरण आहे. गुंडाळीची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते. कानाला, डोळ्यांना आणि नाकाला संरक्षण हवंच. लाकडाची बारीक धूळ नुसती शिंका आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं १९९०च्या दशकातच ती कर्करोगकारक म्हणून नोंदवली आहे. रेझिन हाताळताना मात्र हातमोजे घाला. एकदा त्वचेला त्याचं वावडं झालं, की ते सहसा जात नाही.

होडी पूर्ण झाली तेव्हा वजन भरलं चाळीस किलो. माघ महिन्यात, बंधाऱ्याच्या फुगवट्याचं पाणी संथ असताना, चौघांनी उचलून ती नदीवर नेली. ती तरंगली. मिस्त्रींनी काठावरून सगळे सांधे डोळ्यांनी तपासले आणि नारळ फोडला. गल्लीतली दहा-बारा पोरं जमली होती. प्रत्येकाला बसायचं होतं, आणि तेही एकदम.

तिथं मी त्यांना जे गणित सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. या होडीचा तळ साधारण सोळाशे चौरस डेसिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे एक पूर्णांक सहा चौरस मीटर आहे. ती एक सेंटिमीटर पाण्यात बुडाली की सोळा लिटर पाणी बाजूला होतं, म्हणजे सोळा किलो वजन पेललं जातं. होडी चाळीस किलो आणि पासष्ट किलोची दोन माणसं, मिळून एकशे सत्तर. म्हणजे होडी साडेदहा सेंटिमीटर बुडणार. काठ चाळीस सेंटिमीटर उंच आहे. जवळजवळ तीस सेंटिमीटर काठ पाण्यावर राहतो. चार माणसं बसली तर एकोणीस सेंटिमीटर बुडेल. बघणारा म्हणेल, अजून निम्मा काठ शिल्लक आहे की! पण धोका त्या आकड्यात दिसत नाही. चौघांतला एक उभा राहिला, दोघे एका बाजूला वळले, की वजन तिकडं जातं, काठ खाली जातो आणि पाणी आत येतं. आलेलं पाणीही त्याच बाजूला धावतं. तिथून पुढं सावरायला वेळ नसतो.

८ ऑगस्ट २०१९ हा दिवस पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ विसरू शकत नाही. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. पुरातून बाहेर पडण्यासाठी माणसं बोटीत बसली होती, बायका-मुलं होती, आणि ती बोट उलटली. कितीतरी जीव गेले. घाबरलेल्या माणसानं मिळेल त्या बोटीत चढावं यात त्याचा दोष काय? पण पाण्याचं गणित भीतीला ओळखत नाही. २००५ला पूर आला, २०१९ला आला, २०२१ला आला. पुढंही येणार आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावात होडीचा काठ, तिचा भार, तिचा तोल समजणारी चार माणसं असली पाहिजेत. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय कुणाला होडीत बसू न देणारा एक तरी खमका माणूस असला पाहिजे.

आणि हेही स्पष्ट सांगतो की माझी होडी पुराची होडी नाही. ती संथ पाण्यावरची, दोन माणसांची हौस आहे. पुराच्या पाण्यात प्रवाह, बुडालेली झाडं, विजेच्या तारा असतात. तिथं इंजिनाची बोट आणि शिकलेले जवानच हवेत. घरी होडी बांधल्यानं आपण बचावपथक होत नाही. पण ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं सांधा भरला, भार मोजला, काठ किती उरला ते पट्टीनं पाहिलं, तो भरलेल्या बोटीकडं बघून "आता बास" म्हणू शकतो. हे एवढं जरी चार मुलांना कळलं, तरी दोन तक्ते प्लायवूडचे वसूल झाले.

आपल्या होडीसाठी पाण्याचे नियमही पाळायला हवेत. धरणाच्या जलाशयात, बंधाऱ्यावर आधी परवानगी विचारा. बामणोलीच्या पलीकडं कोयना अभयारण्य आहे, तिथं तर मनाला येईल तशी होडी घालता येत नाही.

यंत्रांचं एवढं कौतुक केल्यावर एक गोष्ट त्यांच्या विरुद्ध सांगायला हवी. मिरजेला सतारमेकर गल्लीत कधी जा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं भोपळ्याला लाकडी दांडी जोडताना पाहा. एक भोपळा दुसऱ्यासारखा नसतो. कुठं गोलाई जास्त, कुठं कवच पातळ. तिथं यंत्र काय करणार? पटाशीचा एक टवका काढायचा, लावून बघायचं, पुन्हा एक टवका काढायचा. यंत्राला सारखेपणा आवडतो. जिथं प्रत्येक वस्तू वेगळी, तिथं हातच लागतो. होडीतही शेवटचा उतार मिस्त्रींच्या रंध्यानंच आला, हे मी आधी सांगितलंच. यंत्रानं कष्टाचं आणि कंटाळ्याचं काम करावं, आणि हाताला त्याचं राखीव काम सोडावं, एवढी वाटणी पुरे आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात क्रम सांगतो. पहिल्यांदा ड्रिल घ्या आणि त्याच दिवशी चष्मा व मास्क घ्या. मग सहा तरी शिकंजे घ्या. शिकंजे कधीच पुरेसे नसतात. मग जिगसॉ, मग सँडर. गोल करवत सगळ्यात शेवटी, आणि झाकण शाबूत असलेलीच. एकदम सगळं घेऊ नका. आधी एक स्टूल करा, मग एक पेटी करा. पेटी चौकोनी आली, तिचे सांधे मिटले, की होडीचा विचार करा. आणि जवळ एखादे जुने सुतार असतील तर त्यांना चहाला बोलवा. ते आधी तुमच्या कामाला हसतील. हसू द्या. थोड्या वेळानं ते रंधा मागतील.